'इमॅक्युलेटली' कुठे शोभतं आणि कुठे खटकतं

प्रश्न असा आहे: 'शी क्लीन्ड द रूम इमॅक्युलेटली' हे वाक्य बरोबर आहे का? शब्दकोशात 'इमॅक्युलेटली'समोर 'निष्कलंकपणे', 'अत्यंत स्वच्छपणे', 'निर्दोषपणे' असे अर्थ सापडतात. मग कुठलंही काम अगदी बिनचूक झालं की त्याला हा शब्द लावता येईल का? 'स्पॉटलेसली', 'इम्पेकेबली', 'फ्लॉलेसली', 'परफेक्टली' हे शब्द असताना याचं वेगळेपण काय? मराठीत तो कसा आणायचा? आणि उच्चार नेमका कसा?

आधी थेट उत्तर. वाक्य व्याकरणात बसतं, त्यावर लाल शाई मारण्यासारखं काही नाही. पण ज्याचा दिवस इंग्रजी लिहिण्यात जातो त्याच्या हातून ते असं सहसा उतरणार नाही. तो 'शी लेफ्ट द रूम इमॅक्युलेट' म्हणेल, किंवा 'द रूम वॉज इमॅक्युलेटली क्लीन' म्हणेल. पहिल्या वाक्यात शेवटचा 'ली' गळाला. दुसऱ्यात तो राहिला, पण क्रियापदाजवळून उठून 'क्लीन' या विशेषणाशेजारी जाऊन बसला. दोन्ही दुरुस्त्यांचं कारण एकच आहे. काम कसं केलं हे 'इमॅक्युलेटली' फारसं सांगतच नाही. कुणीतरी मन लावून राखल्यामुळे वस्तू, जागा किंवा माणूस आता कसा दिसतो आहे, हे तो सांगतो. एवढं एक पक्कं बसलं की या शब्दाबद्दलचे बहुतेक प्रश्न सुटतात. इंग्रजी मजकूर तपासणं आणि इंग्रजीतला मजकूर मराठीत आणणं हे माझं रोजचं काम आहे, आणि या शब्दाच्या वापरात जे खटकतं त्यातलं बरंचसं याच एका ठिकाणी अडलेलं असतं.

मराठी माणसाची इथे गफलत का होते, ते आपल्याच भाषेत पाहण्यासारखं आहे. 'तिने फरशी लख्ख पुसली' या वाक्यातला 'लख्ख' कशाबद्दल बोलतो? पुसण्याची क्रिया काही लख्ख नव्हती, पुसल्यावर फरशी लख्ख झाली. 'भांडी चकाचक घासली' याचंही तसंच. हे शब्द क्रियापदाला चिकटून येतात, म्हणून आपण त्यांना क्रियाविशेषण म्हणून मोकळे होतो. पण जरा 'कपडे पांढरेशुभ्र धुतले' आणि 'चादर पांढरीशुभ्र धुतली' ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. कपड्यांबरोबर 'पांढरेशुभ्र', चादरीबरोबर 'पांढरीशुभ्र'. शब्द नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलला, म्हणजे त्याची निष्ठा नामाशी आहे, क्रियापदाशी नाही. तो विशेषणच आहे, फक्त बसला आहे क्रियापदाच्या पुढ्यात. 'लख्ख' आणि 'चकाचक' यांचं रूप बदलत नाही, त्यामुळे तिथे ही गोष्ट झाकली जाते, एवढंच.

इंग्रजीतही परिणाम सांगायचा असला की विशेषणच येतं. 'शी वाइप्ड द टेबल क्लीन' म्हणतात, 'क्लीनली' कुणी म्हणत नाही. 'दे पेंटेड द डोअर रेड' म्हणतात, 'रेडली' असा शब्द कुणाच्या तोंडी येत नाही. मराठी मनात मात्र समीकरण तयार असतं: क्रियापदाजवळचा शब्द म्हणजे क्रियाविशेषण, आणि इंग्रजीत क्रियाविशेषण म्हणजे 'ली'. त्या समीकरणातून 'क्लीन्ड इमॅक्युलेटली' जन्माला येतं. 'खोली लख्ख झाडली' हे जर मनात असेल, तर इंग्रजीत 'खोली लख्ख करून ठेवली' अशी रचना घ्यायची. 'लेफ्ट', 'केप्ट' ही क्रियापदं त्यासाठीच आहेत: 'शी लेफ्ट द रूम इमॅक्युलेट', 'ही केप्ट द वर्कशॉप इमॅक्युलेट'.

'कीप'च्या बाबतीत मात्र दोन्ही रचना चालतात आणि दोन्हीत बारीक फरक आहे. 'शी कीप्स द हाउस इमॅक्युलेट' म्हणजे कधीही जा, घर स्वच्छच दिसणार. 'शी कीप्स द हाउस इमॅक्युलेटली' म्हणजे घर राखण्याची तिची रीतच अशी चोख आहे. इथे क्रियाविशेषण शोभतं, कारण 'कीप' या क्रियापदातच राखणं, जपणं, पुन्हापुन्हा हात फिरवत राहणं आहे. 'क्लीन' ही एकदा उरकायची क्रिया आहे, 'कीप' ही चालू ठेवायची. हाच फरक 'मेन्टेन'लाही लागू पडतो. शंका आली तर विशेषण घ्यावं, त्याने बिघडत नाही.

याच्या उलट जागी मात्र सरळ चूक होते. 'द गार्डन लुक्स इमॅक्युलेटली' हे चुकीचंच. 'लुक', 'सीम', 'रिमेन', 'बी' या क्रियापदांनंतर आपण कर्त्याचं वर्णन करत असतो, म्हणून तिथे 'इमॅक्युलेट' हवं. 'द गार्डन लुक्स इमॅक्युलेटली केप्ट' हे मात्र पुन्हा बरोबर, कारण आता 'इमॅक्युलेटली' हा शब्द 'केप्ट'चं वर्णन करतो आहे. शाळेत 'क्रियापदानंतर क्रियाविशेषण' एवढंच पाठ झालेलं असतं, त्यामुळे हा 'लुक्स इमॅक्युलेटली' सुशिक्षितांच्या लिखाणातही सर्रास दिसतो.

आता हा शब्द खरोखर कुणाच्या सोबतीने फिरतो ते बघू. 'ड्रेस्ड' हा त्याचा सगळ्यात जवळचा सोबती. त्याच्यामागोमाग 'ग्रूम्ड', 'टर्न्ड आउट', 'टेलर्ड', 'प्रेस्ड' हे अंगावरच्या कपड्यांचे आणि ठाकठीक राहणीचे शब्द. मग 'केप्ट', 'मेन्टेन्ड', 'प्रिझर्व्ह्ड', 'रिस्टोअर्ड', 'प्रेझेंटेड' हे घर, बाग, जुनी मोटार, जुनं पुस्तक यांच्यासाठीचे. आणि विशेषणांपैकी 'क्लीन', 'नीट', 'टायडी', 'व्हाइट'. यादी डोळ्यांखालून घातली की लक्षात येतं, 'क्लीन'सारखी मोजकी विशेषणं सोडली तर सगळी पास्ट पार्टिसिपल रूपं आहेत, म्हणजे मराठीतल्या 'राखलेला', 'जपलेला', 'सजवलेला' यांसारखी. क्रिया होऊन गेलेली आहे आणि तिचा परिणाम समोर उभा आहे. 'ॲन इमॅक्युलेटली केप्ट गार्डन' म्हणताना माळी दिसत नाही, पण त्याचा हात दिसतो. या शब्दाचा खरा जीव मला त्यात वाटतो. आपोआप स्वच्छ असलेल्या गोष्टीला तो फारसा लागत नाही. 'द स्काय वॉज इमॅक्युलेटली क्लिअर' लिहिलं तर कुणी अडवणार नाही, पण आकाश कुणी पुसून ठेवल्यासारखं वाटतं. लेखकाला तोच भास हवा असेल तर उत्तम. साधं निरभ्र आकाश सांगायचं असेल तर 'परफेक्टली क्लिअर' पुरे.

इथून शेजारच्या शब्दांकडे वळू, कारण गोंधळ खरा तिथे आहे. हे सगळे शब्द 'दोष नाही' असंच सांगतात. मग वेगळे कशाने? प्रत्येकाच्या मनातला दोष वेगळा आहे. शब्द निवडताना स्वतःला विचारायचं: मी कुठल्या दोषाचा अभाव सांगतो आहे?

'स्पॉटलेसली'च्या मनातला दोष म्हणजे डाग, धूळ, मळ. हा शब्द स्वच्छतेपलीकडे फारसा जातच नाही, आणि त्याच्या मागोमाग जवळजवळ नेहमी 'क्लीन' येतो. 'अ स्पॉटलेसली क्लीन किचन' ही ठरून गेलेली जोडी आहे. कपड्यांना 'स्पॉटलेसली ड्रेस्ड' म्हणत नाहीत, कारण नीट पोशाखात डाग नसणं हा सगळ्यात छोटा भाग असतो. माप, घडी, रंगसंगती, बुटांची चकाकी हे सगळं त्यात येतं, आणि तिथे 'इमॅक्युलेटली' लागतं. या शब्दाच्या मनातला दोष म्हणजे हेळसांड. कॉलरची मुडपलेली कड, निसटलेलं बटण, बागेतलं वाढलेलं तण, हिशोबाच्या वहीतली खाडाखोड. यातलं काहीही दिसलं की 'इमॅक्युलेटली' म्हणता येत नाही, जरी डाग एकही नसला तरी.

'इम्पेकेबली'च्या मनातला दोष म्हणजे वावगेपणा, ठरलेल्या रीतीला सोडून वागणं. म्हणून तो वागणुकीला, सभ्यतेला, अभिरुचीला, उच्चारांना लागतो. 'शी बिहेव्ह्ड इम्पेकेबली', 'हिज मॅनर्स आर इम्पेकेबल', 'अॅन इम्पेकेबली पोलाइट रिप्लाय'. 'इम्पेकेबली ड्रेस्ड' हेही खूप वापरात आहे, आणि 'इमॅक्युलेटली ड्रेस्ड'शी त्याची सरमिसळ होते. तरीही कान देऊन ऐकलं तर फरक जाणवतो. 'इम्पेकेबली ड्रेस्ड' माणसाने प्रसंगाला साजेसं, रीतीला धरून कपडे घातलेले असतात. 'इमॅक्युलेटली ड्रेस्ड' माणसाच्या कपड्यांवर सुरकुती नसते. एखादा माणूस परीटघडीच्या कपड्यांत आला, पण ते कपडे त्या प्रसंगाला अगदीच विजोड असले, तर तो 'इमॅक्युलेटली' आहे आणि 'इम्पेकेबली' नाही. वागणुकीसाठी मात्र 'बिहेव्ह्ड इमॅक्युलेटली'च्या वाटेला फार जाऊ नये. लोक लिहितात, पण 'इम्पेकेबली' तिथे जास्त मुरलेला आहे.

'फ्लॉलेसली'च्या मनातला दोष म्हणजे खोट, तडा, मध्येच अडखळणं. म्हणून तो सादरीकरणाला शोभतो: गायन, नृत्य, भाषण, एखादी योजना पार पाडणं. 'शी परफॉर्म्ड फ्लॉलेसली', 'द प्लॅन वॉज फ्लॉलेसली एक्झिक्यूटेड'. हिऱ्यांच्या व्यवहारात तर 'फ्लॉलेस' ही काटेकोर व्याख्या असलेली प्रत आहे. जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिकाच्या प्रतवारीत हिऱ्याच्या नितळपणाच्या 11 पायऱ्या आहेत, आणि जाणकाराने 10 पट मोठं करून पाहिल्यावरही आत किंवा पृष्ठभागावर काहीच दोष दिसला नाही तरच हिऱ्याला सगळ्यात वरची 'फ्लॉलेस' ही प्रत मिळते. शोधूनही न सापडणारी खोट, हाच त्या शब्दाचा बाकीच्या वापरातलाही सूर आहे. 'इमॅक्युलेटली' तसा शोध घेत नाही. ते पहिल्या नजरेतच दिसावं लागतं.

'परफेक्टली' हा यातला सगळ्यात ढगळ शब्द, म्हणून सगळ्यात उपयोगी. नेमकं बसणं ('द लिड फिट्स परफेक्टली'), पूर्ण समजणं ('आय अंडरस्टँड परफेक्टली'), आणि नुसतं 'अगदी' या अर्थाने ('परफेक्टली नॉर्मल', 'परफेक्टली सेफ'). यातल्या एकाही ठिकाणी 'इमॅक्युलेटली' घालता येणार नाही. 'आय अंडरस्टँड इमॅक्युलेटली' हे वाक्य म्हणून उभंच राहत नाही.

आणखी एक शब्द प्रश्नात नाही, पण गोंधळ त्याच्याशी जास्त होतो: 'मेटिक्युलसली'. हा कामाच्या पद्धतीचा शब्द आहे, बारीकसारीक गोष्टींकडे लक्ष देऊन केलेलं काम. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ भीती. चूक होईल या धास्तीने पाऊल जपून टाकणारा माणूस त्याच्या मुळाशी आहे. 'शी क्लीन्ड द रूम मेटिक्युलसली' हे वाक्य ठणठणीत आहे, कारण 'मेटिक्युलसली' खरोखरच साफ करण्याच्या क्रियेबद्दल बोलतो: कोपरे, खिडकीच्या फटी, दाराच्या मागची बाजू. त्या मेहनतीनंतर खोली 'इमॅक्युलेट' होते. एक शब्द हाताकडे पाहतो, दुसरा हात बाजूला झाल्यावर जे उरतं त्याकडे. ज्यांना 'क्लीन्ड इमॅक्युलेटली' लिहायचा मोह होतो, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या मनात खरं तर 'मेटिक्युलसली' असतं. संशोधन, नियोजन, तपासणी यांनाही तोच लागतो: 'मेटिक्युलसली रिसर्च्ड', 'मेटिक्युलसली प्लॅन्ड'.

शब्दाचं मूळ इथे फुकाचं नाही, वापर समजायला ते मदत करतं. लॅटिनमध्ये 'मॅक्युला' म्हणजे डाग किंवा ठिपका. 'इन' हा नकाराचा उपसर्ग 'म'पुढे येताना 'इम' झाला, आणि 'इमॅक्युलाटस' म्हणजे डाग न लागलेला. हाच 'मॅक्युला' डोळ्यांच्या डॉक्टरांच्या तोंडी आजही आहे: दृष्टिपटलाच्या मध्यावरचा पिवळसर ठिपका, ज्याच्या झिजेला मॅक्युलर डीजनरेशन म्हणतात. त्वचेवरच्या सपाट डागालाही 'मॅक्यूल' म्हणतात. पण इंग्रजीत 'इमॅक्युलेट' आला तो कपड्यांसाठी नव्हे, पापाचा डाग नसलेल्या आत्म्यासाठी. 'इमॅक्युलेट कन्सेप्शन' हा कॅथलिक पंथाचा शब्दप्रयोग अनेकांनी ऐकलेला असतो आणि बहुतेक जण त्याचा अर्थ येशूचा कुमारी मातेपोटी झालेला जन्म असा घेतात. तो तसा नाही. पोप पायस नववे यांनी 8 डिसेंबर 1854 रोजी हा सिद्धान्त अधिकृतपणे जाहीर केला, तो येशूची आई मरिया हिच्याबद्दल आहे: तिच्या आईच्या पोटी गर्भ राहिला त्या पहिल्या क्षणापासून मरिया मूळ पापाच्या, म्हणजे कॅथलिक श्रद्धेनुसार प्रत्येक माणूस जन्मतःच सोबत घेऊन येतो त्या पापाच्या, डागापासून मुक्त होती. 'इम्पेकेबल'चंही माहेर तेच. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ पाप करणं, म्हणून तो शब्द आधी 'ज्याच्या हातून पाप घडूच शकत नाही असा' या अर्थाने आला.

पुढे दोन्ही शब्द देवळातून रस्त्यावर आले. 'इमॅक्युलेट' कपड्यांकडे आणि घरांकडे वळला, 'इम्पेकेबल' वागणुकीकडे. आपल्याकडचा 'निष्कलंक' हा रचनेने अगदी त्याचा जुळा भाऊ आहे: कलंक म्हणजे डाग, आणि तो नसलेला तो निष्कलंक. पण मराठीत तो चारित्र्यापाशीच थांबला. 'निष्कलंक चारित्र्य', 'निष्कलंक कारकीर्द' म्हणतो, 'निष्कलंक सदरा' म्हणत नाही. शब्दकोशात 'इमॅक्युलेटली' म्हणजे 'निष्कलंकपणे' हे वाचून माणूस 'ही सर्व्ह्ड द इन्स्टिट्यूशन इमॅक्युलेटली' असं लिहितो, ते यामुळे. विशेषण म्हणून 'अॅन इमॅक्युलेट रेकॉर्ड', 'अॅन इमॅक्युलेट रेप्युटेशन' इंग्रजीत चालतं, जुना अर्थ तिथे शिल्लक आहे. पण 'ली' लागलेलं रूप त्या अर्थाने फार कमी येतं. निष्कलंक सेवेसाठी 'विथ इंटेग्रिटी', 'ऑनरेब्ली' असे शब्द घ्यावेत.

एक नमुना घेऊन हे सगळं हाताखालून घालू. नोकरीच्या अर्जात कुणी असं लिहिलं समजा: 'आय क्लीन ऑल द रूम्स इमॅक्युलेटली. माय युनिफॉर्म इज ऑल्वेज इमॅक्युलेटली. आय बिहेव्ह इमॅक्युलेटली विथ गेस्ट्स. आय इमॅक्युलेटली मेन्टेन द रजिस्टर. आय स्पीक इंग्लिश व्हेरी इमॅक्युलेटली.'

पहिल्या वाक्यात दोन वाटा आहेत. पद्धत सांगायची तर 'आय क्लीन एव्हरी रूम मेटिक्युलसली', परिणाम सांगायचा तर 'आय लीव्ह एव्हरी रूम स्पॉटलेस'. अर्जासाठी मी दुसरी घेईन. मालकाला खोली हवी असते, आणि 'स्पॉटलेस' हा शब्द हाताने काम करणाऱ्याच्या तोंडी जास्त खरा वाटतो. दुसऱ्या वाक्यात नुसतं 'इमॅक्युलेट' हवं, कारण 'इज'नंतर गणवेशाचं वर्णन आहे. तिसऱ्यात शब्दच बदलायचा. पाहुण्यांशी मी निर्दोषपणे वागतो असं स्वतःच म्हणणं कानाला बरं लागत नाही, म्हणून तिथे 'इम्पेकेबली'सुद्धा नको, 'आय ॲम पोलाइट अँड पेशंट विथ गेस्ट्स' हे साधं वाक्य जास्त विश्वास देतं. चौथ्यात शब्द बरोबर, जागा अवघडलेली. 'आय मेन्टेन द रजिस्टर इमॅक्युलेटली' किंवा त्याहून बरं, 'द रजिस्टर इज इमॅक्युलेटली केप्ट'. एक खबरदारी: क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्या मध्ये हा शब्द घुसवू नये. 'आय मेन्टेन इमॅक्युलेटली द रजिस्टर' ही रचना इंग्रजीला सोसत नाही, मराठीत मात्र कर्मानंतर कुठेही शब्द सरकवता येतो, म्हणून ती सवय लागते.

पाचव्या वाक्यात दोन गोष्टी आहेत. भाषेला 'इमॅक्युलेटली' शोभत नाही, 'फ्लुएंटली' किंवा 'वेल' पुरे. आणि 'व्हेरी' काढायचं. डाग नाही म्हटल्यावर 'खूप डाग नाही' असं होत नाही. जोर द्यायचाच असेल तर 'ॲब्सोल्यूटली इमॅक्युलेट' म्हणतात. 'ऑलमोस्ट' आणि 'सो' चालतात: 'सो इमॅक्युलेटली ड्रेस्ड दॅट...'. 'मोअर इमॅक्युलेटली' तुलनेत कधीतरी दिसतं, पण ते टाळलेलं बरं.

सोबतच एक टंकलेखनाची गोष्ट. 'अॅन इमॅक्युलेटली केप्ट गार्डन' यात 'इमॅक्युलेटली' आणि 'केप्ट' यांच्या मध्ये जोडरेघ द्यायची नसते. 'वेल-केप्ट गार्डन' मध्ये देतात. 'ली'ने संपणारं क्रियाविशेषण पुढच्या शब्दाला लागूनच आहे हे त्या 'ली'वरूनच कळतं, म्हणून शिकागो आणि असोसिएटेड प्रेस या दोन्ही शैलीपुस्तिका तिथे जोडरेघ नको म्हणतात.

शब्दाचा सूर हा वेगळा विषय आहे आणि व्याकरणापेक्षा तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. 'इमॅक्युलेटली' हा जपून वापरायचा शब्द आहे. ब्रिटनमधल्या घरविक्रीच्या जाहिरातींनी 'इमॅक्युलेटली प्रेझेंटेड' इतकं वापरलं आहे की तिथल्या वाचकाच्या नजरेत त्याचा कस उतरला आहे. जुन्या मोटारींच्या जाहिरातीत 'इन इमॅक्युलेट कंडिशन'चंही तेच झालं. वर्णनात तो एकदा आला तर चित्र उभं राहतं, दोनदा आला तर जाहिरात वाटते.

कथालेखनात मात्र या शब्दाची एक ताकद आहे जी बाकीच्या शब्दांत नाही. तो बाहेरचं सांगतो, आतलं सांगत नाही. त्यामुळे 'ही वॉज इमॅक्युलेटली ड्रेस्ड' असं वाक्य आलं की वाचक नकळत सावध होतो: एवढं जपलेलं बाहेर, मग आत काय असेल? दुःखात बुडालेली पण केसाची एक बट इकडची तिकडे न झालेली बाई, किंवा नितळ चेहऱ्याने खोटं बोलणारा वकील, यांना हा शब्द फार अचूक बसतो. अनुवाद करताना 'छान कपडे घातलेला' असं लिहून टाकलं तर हा ताण पूर्ण निसटतो.

क्रिकेटचं समालोचन ऐकणाऱ्यांना एक शंका येईल. तिथे 'इमॅक्युलेट लाइन अँड लेंग्थ' सर्रास ऐकू येतं, 'ही बोल्ड इमॅक्युलेटली' असंही म्हणतात, आणि गोलंदाजी तर क्रिया आहे. पण ग्लेन मॅकग्रासारख्या गोलंदाजाबद्दल तो शब्द कशासाठी वापरला जायचा ते आठवा. एका भन्नाट चेंडूसाठी नव्हे. षटकामागून षटक त्याच टप्प्यावर, त्याच दिशेला, मध्ये एकही सैल चेंडू नाही, यासाठी. राखलेली शिस्त हीच तिथली राखलेली वस्तू आहे. एका अफलातून यॉर्करला 'परफेक्ट' म्हणतात, 'इमॅक्युलेट' तो अख्खा स्पेल असतो.

मराठीत आणताना 'पणे'वर भिस्त ठेवू नका. 'निष्कलंकपणे पोशाख केलेला' हे मराठी कुणी बोलत नाही. इंग्रजी एका शब्दावर सगळा भार टाकतं, मराठी प्रत्येक वस्तूसाठी वेगळा शब्द काढून देते, आणि त्या श्रीमंतीचा उपयोग करून घ्यायला हवा. माणसाच्या कपड्यांसाठी 'परीटघडीचे कपडे', 'कडक इस्त्रीचे', 'टापटीप'. घरासाठी 'लख्ख', 'आरशासारखं', 'जिथलं तिथे ठेवलेलं'. नोंदींसाठी आणि हिशोबासाठी 'चोख'. 'द अकाउंट्स वेअर इमॅक्युलेटली केप्ट' याचं 'हिशोब चोख ठेवलेले होते' यापेक्षा चांगलं मराठी मला सुचत नाही. जुन्या मोटारीसाठी किंवा पुस्तकासाठी 'जिवापाड जपलेली', 'नव्यासारखी राखलेली'. गोलंदाजीसाठी 'अचूक' किंवा 'शिस्तबद्ध'. बागेसाठी 'निगुतीने राखलेली'. 'निगुतीने' हा शब्द अलीकडे लिखाणात कमी दिसतो, पण 'इमॅक्युलेटली केप्ट' मधली ती न दिसणाऱ्या हाताची जाणीव त्यात पूर्ण उतरते, म्हणून मी तो मुद्दाम वापरतो. आणि कथेतला तो सावध करणारा सूर हवा असेल तर क्रियाविशेषण सोडून द्यावं आणि तपशील लिहावा: 'सदऱ्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.'

राहिला उच्चार. लिहिताना आपण 'इमॅक्युलेटली' लिहितो, मीही इथे रुळलेलं म्हणून तेच लिहिलं आहे, पण बोलताना 'लेट' म्हणायचं नाही. जोर दुसऱ्या अवयवावर, 'मॅक्'वर. त्यानंतरचे अवयव हलके होत जातात आणि 'लेट'च्या जागी अगदी पुसट 'लट' राहतो: इ-मॅक्-यु-लट्-ली. त्यातला 'ट' झरझर बोलताना जेमतेम ऐकू येतो. हे एकट्या याच शब्दाचं नाही. 'ॲक्युरेट', 'डेलिकेट', 'प्रायव्हेट', 'ॲडिक्वेट' या विशेषणांच्या शेवटी आपण ठसठशीत 'एट' म्हणतो, इंग्रजीत तिथे पुसट 'अट' किंवा 'इट' असतो. 'सेपरेट' मध्ये तर दोन्ही आहेत: विशेषण असेल तर शेवट पुसट, 'वेगळं करणं' हे क्रियापद असेल तर 'रेट' स्पष्ट. स्पेलिंगमध्ये 'एम' दोन, कारण एक उपसर्गाचा आणि एक 'मॅक्युला'चा, 'इमॉर्टल' आणि 'इमॅच्युअर' मध्ये आहेत तसेच. 'सी' एकच. आणि 'ली' लावताना 'लेट'चा शेवटचा 'ई' तसाच ठेवायचा, तो गाळून लिहिलेलं रूप मला तपासणीत वरचेवर भेटतं.

मुलाखतीत किंवा बोलताना हा शब्द जिभेवर अडखळत असेल, तर 'स्पॉटलेस' म्हणा. ऐकणाऱ्याला तेवढंच कळतं, आणि खोलीबद्दल बोलताना तो शब्द बहुतेक वेळा जास्त नेमकाही असतो.